उजव्या खांद्याचं माप

आमच्या ला कुएस्ता गावात माणूस शिंप्याची पायरी चढतो तो आयुष्यात दोनदा. एकदा लग्नाच्या वेळी, आणि एकदा शरीरानं दगा दिल्यावर. मधली सगळी वर्षं गठ्ठ्यांवर निघतात. उत्तरेकडच्या गोऱ्यांनी टाकलेल्या कपड्यांचे दाबून बांधलेले गठ्ठे ट्रकनं येतात, बाजारात त्यांची पट्टी कापली की गाव तुटून पडतं, आणि पुढचं वर्षभर आमचा बेकरीवाला कुठल्याशा परक्या बँकेचं नाव छातीवर मिरवत पाव विकतो. मेलेल्या गोऱ्याचे कपडे म्हणतो आम्ही त्यांना. नावंही ठेवतो आणि घालतोही.

हे गठ्ठे गावात पहिल्यांदा आणले फिदेन्सिओ बेनितेसनं. माणूस बोलघेवडा, हात सढळ, नजर तर अशी की गिऱ्हाईक दुकानासमोर उभं राहायच्या आत त्याच्या मापाचा सदरा ढिगातून उपसून हातात ठेवायचा. "घाला, मालक! तुमच्यासाठीच मेला बिचारा!" लोक हसायचे आणि घ्यायचे.

पण तीन वर्षांपूर्वी ट्रक उतरवताना एक गठ्ठा वरून सुटला आणि थेट त्याच्या उजव्या खांद्यावर बसला. नदीपलीकडच्या ओहो दे आग्वा गावच्या हाडवैद्यानं हाड बसवलं. ते बसलं, पण स्वतःच्या मर्जीनं. उजवा खांदा चार बोटं खाली आला आणि पुढेही झुकला. आमचं गाव टोपणनावं ठेवण्यात कधी उशीर करत नाही. आठवड्याच्या आत कपडेविक्या फिदेन्सिओचा 'मोडका हँगर' झाला. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण पाठ वळली की म्हणायचं, आणि पाठ वळली की तो खांदा जास्तच दिसायचा.

त्यानं मग उजव्या खांद्यावर टॉवेल टाकायला सुरुवात केली. बाजारातली निम्मी माणसं घाम पुसायला टॉवेल बाळगतात, त्यामुळे वरवर त्यात काही वावगं नव्हतं. पण फिदेन्सिओचा टॉवेल जेवतानाही खांद्यावर, प्रार्थनेलाही खांद्यावर. दोन पदरी घडी घालून खांद्यापाशी फुगवटा ठेवला की चार बोटांची दोन बोटं तरी झाकायची. बायको ओतिलिया सोडली तर तीन वर्षांत तो खांदा उघडा कुणी पाहिला नव्हता.

आणि या वर्षी गावच्या संतांच्या, सान लुकासच्या उत्सवाचा मानकरी म्हणून चिठ्ठी निघाली ती त्याची.

मानकऱ्याचं काम तसं सोपं. उत्सवाच्या सकाळी देवळात त्याच्या उजव्या खांद्यावर संतांची चांदीच्या मुठीची काठी ठेवतात. ती घेऊन त्यानं मिरवणुकीपुढे चालायचं, वरच्या आळीतून खाली नदीच्या उतारापाशी जायचं. तिथे ओहो दे आग्वाची माणसं त्यांची देवीमाता घेऊन आलेली असतात. दोन संतांची भेट होते, दोन मानकऱ्यांची गळाभेट होते, आणि मग सगळे मिळून मक्याच्या पिठाचे, पानात उकडलेले तामालेस खातात आणि दारू पितात. नियम मोजके आहेत. डोक्यावर टोपी नको, अंगात काळा कोट हवा, आणि ज्या खांद्यावर काठी येते त्यावर दुसरं काहीही नको.

"टॉवेल चालेल का?" फिदेन्सिओनं म्हाताऱ्या घंटावाल्याला हसतहसत विचारलं.

"संत काय घाम पुसायला येतात?" घंटावाला म्हणाला.

नाही म्हणायची सोय नव्हती. संतांना नाही म्हणणाऱ्याच्या घरात खरूज येते अशी आमच्याकडे समजूत आहे, आणि खरूज नाही आली तरी लोकांची तोंडं येतातच.

तर फिदेन्सिओनं कोट शोधायला घेतला. घरात, म्हणजे पुढच्या खोलीत, मागच्या पडवीत आणि पलंगाखाली मिळून तीनशेच्या आसपास कोट होते. आठ दिवस तो दुकान मिटल्यावर एकेक चढवून बघत होता. बेताचा घातला तर पाठीवर चुण्यांची नांगरट व्हायची. मोठा घातला तर डावी बाही बरोबर मनगटावर आणि उजवी बोटांच्या खाली. ओतिलियानं टाचण्या लावून पाहिल्या, आतून चिंध्या कोंबून पाहिल्या.

"काय म्हणावं या नशिबाला!" ती तोंडातल्या टाचण्या काढत म्हणाली. "तीनशे कोट घरात, आणि नवऱ्याला बसेल असा एक नाही. गावाला नेसवणारा उघडा!"

"जरा खालून घट्ट कर."

"खालून काय करू? बिघाड वर आहे. अहो, शिवून घ्या एक. शिंपी मेलेत का जगातले?"

फिदेन्सिओनं कोट उतरवून ढिगात टाकला. शिंपी जगात पुष्कळ होते. ला कुएस्तात मात्र एकच होता, आणि त्याचं नाव घरात काढायचं नाही असं नऊ वर्षांपासून न बोलता ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता पहाटेच्या बसनं सांता रोसाला गेला. तिथल्या मोठ्या दुकानात काचेमागे सूट टांगलेले असतात, आणि मागे बसलेला एक तरुण शिंपी ते कमी-जास्त करून देतो. त्यानं फिदेन्सिओला सहा कोट घालून बघितले. सहाव्यानंतर तो प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, हे कमी-जास्त करण्यातलं काम नाही. तुमचा कोट पहिल्या कात्रीपासून तुमच्यासाठीच कापायला हवा. एवढं मला येत नाही. ते जुन्या हाताचं काम."

"मग जुना हात कुठं मिळेल?"

"तुम्ही कुठले?"

"ला कुएस्ताचा."

"मग इथं कशाला आलात?" पोरगा चकित झाला. "तुमच्याकडे ताचो मास्तर आहेत ना! माझ्या उस्तादांचे उस्ताद ते."

काखेत कळसा अन् गावाला वळसा! परतीच्या बसमध्ये फिदेन्सिओ खिडकीकडे तोंड करून बसला होता. शेजारच्या बाईला वाटलं, त्याला बस लागते. तिनं त्याला लिंबू दिलं.

आता नऊ वर्षांपूर्वीचं सांगायला हवं, कारण गावानं ते विसरल्याचं नाटक चांगलं वठवलं आहे आणि फिदेन्सिओला ते कधीच जमलं नाही.

ताचो, म्हणजे आनास्तासिओ मानुएलेस, हा त्याचा लहानपणचा सोबती. फिदेन्सिओच्या लग्नाचा सदरा त्यानं शिवला होता. पुढे सेल्विन झाला तेव्हा बाप्तिस्म्याला पोराला हातात धरायला ताचोच उभा राहिला. पोराचा धर्मबाप झाला म्हणजे दोघं एकमेकांचे कोम्पाद्रे झाले. आमच्याकडे भावाशी भांडलं तर चालतं, कोम्पाद्रेशी नाही. त्या दिवसापासून दोघं एकमेकांना अहो-जाहो करायला लागले, आणि आठवड्यातून तीनदा ताचोच्या कापायच्या टेबलाशी बसून कॉफी प्यायला लागले.

गठ्ठे आल्यावर ताचोकडचं गिऱ्हाईक गळत गेलं. त्याबद्दल ताचो कधी अवाक्षर बोलला नाही. म्हणायचा, "लोकांना अंग झाकायचंय. माझ्यानं झाकलं काय, मेलेल्यानं झाकलं काय." वर्षाचं एक मोठं काम त्याच्याकडे राहिलं होतं: स्वातंत्र्यदिनाच्या, पंधरा सप्टेंबरच्या संचलनाला शाळेच्या बँडचे गणवेश. त्या वर्षी तीस होते, निळे. कापड ताचोनं स्वतः आणलं, प्रत्येक पोराचं माप घेतलं, आणि जुलैअखेर तीसही कापून झाले होते. प्रत्येकाच्या तुकड्यावर पांढऱ्या दोऱ्यानं नाव टाचलेलं. सेल्विन तेव्हा बारा वर्षांचा, ढोल वाजवायचा. त्याचं माप घेताना फिदेन्सिओ तिथेच कॉफी पीत बसला होता, आणि तुकड्यावर नाव टाचलं जाताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

ऑगस्टमध्ये त्यानं एक गठ्ठा फोडला आणि आतून निघाले बेचाळीस लाल गणवेश. सोनेरी झालर, पितळी गुंड्या, छातीवर वाघाचं तोंड. उत्तरेतल्या कुठल्याशा शाळेच्या बँडचे. फिदेन्सिओ आधी पोट धरून हसला, मग अर्धा तास त्यांच्या गुंड्या मोजत बसला, आणि मग ते सगळे हातगाडीवर घालून तडक शाळेच्या बड्या बाईंकडे गेला. शाळेला ते निम्म्यात पडले. बाईंनी विचारलं होतं, "ताचो मास्तरांनी कापायला घेतलं नाही ना अजून?" आणि फिदेन्सिओ म्हणाला होता, "छे! माझ्या तरी पाहण्यात नाही."

बस्स, एवढंच वाक्य होतं ते. पण घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं ते नऊ वर्षं जागचं हललं नाही.

पंधरा सप्टेंबरला वरच्या आळीतून बँड निघाला तेव्हा सेल्विनच्या लाल बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या आणि ढोलाची काठी त्यातच अडकत होती. ताचो दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता. फिदेन्सिओ कोपऱ्यावरून मागे फिरला. पुढे लोकांत विषय निघाला की तो म्हणायचा, "मला काय स्वप्न पडलं होतं त्यानं कापलंय म्हणून?" लोकही ते धरून चालले, स्वस्तातला कपडा सगळ्यांनाच हवा होता. त्या दिवसापासून तो वरच्या आळीत पाऊल टाकत नसे. बाजारात जायचं तर नदीकडून वळसा घालून जायचा, आणि दर वर्षी मिरवणूक कोपऱ्यावर आली की त्याला काहीतरी आठवायचं आणि तो घरी निघून यायचा. सेल्विन पुढे उत्तरेला गेला. रविवारी फोन करतो आणि विचारतो, "पप्पा, धर्मबाबा कसे आहेत?" फिदेन्सिओ म्हणतो, "मजेत आहेत." ताचो जिवंत आहे एवढंच त्याला माहीत असायचं, तेही देवळात ताचोच्या मृत्यूची घोषणा झाली नाही म्हणून.

असा माणूस शेवटी एका दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना, मागच्या बोळानं ताचोच्या दारात गेला. काखेत एक भलामोठा काळा कोट. आपल्याच ढिगातला सर्वांत चांगला निवडून आणला होता. मेलेल्याचा कोट घेऊन जिवंत शिंप्याकडे जाण्यात काय चुकतंय हे त्याच्या डोक्यात आलं नाही. धंद्यानं माणसाची नजर अशी होते.

ताचोनं चष्म्यावरून पाहिलं. केस पांढरे झाले होते, बाकी टेबल तेच, खुर्चीही तीच.

"या, कोम्पाद्रे," तो म्हणाला. काल रात्रीच कॉफी पिऊन गेल्यासारखा. "मागच्या दारानं आलात. पुढं चिखल आहे का?"

फिदेन्सिओनं काखेतला कोट पुढे केला. "हा... हा कोट जरा बसवून हवा होता. मानकरी निघालोय ना मी."

ताचोनं कोट हातात घेतला, उलटा केला, शिवण बघितली, वास घेतला. "कोणाचा होता?"

"कुणास ठाऊक. चांगल्या माणसाचा असेल."

"असेल. पण त्याच्या खांद्यावरून तुमच्या खांद्यावर यायला लांबचा रस्ता आहे. नवा कापू." त्यानं कोट घडी घालून परत दिला. "टॉवेल काढा."

फिदेन्सिओ उभाच राहिला.

"अहो, टॉवेलाचं माप घेऊ का?"

त्यानं टॉवेल काढला. भर दुपारच्या उजेडात तो खांदा उघडा पडला आणि त्याला वाटलं, आता हा म्हणणार, आणि म्हणायला हवंच. खांद्याचं नव्हे, ते दुसरं. पण ताचो जवळ आला. त्यानं तळवा त्या खाली उतरलेल्या हाडावर ठेवला, थोडा दाबला.

"दुखतो का?"

तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. फिदेन्सिओनं नुसती मान डोलावली.

ताचो टेपनं माप घेत नाही. त्याच्या उस्तादांनी शिकवल्याप्रमाणे प्रत्येक गिऱ्हाइकाची कागदाची एक लांब पट्टी असते. तिच्यावर खांदा, छाती, बाही यांच्या जागी कात्रीनं खाचा मारलेल्या. त्यानं भिंतीवरच्या खिळ्यावरून जाडजूड जुडगा उतरवला, आणि त्यातून पिवळी पडलेली एक पट्टी काढली. वर लिहिलं होतं: फिदेन्सिओ, लग्न. पट्टी त्यानं पाठीवरून धरली. डावीकडे ती अजूनही बोटभर इकडेतिकडे बरोबर आली. उजवीकडे तिचं टोक हवेतच राहिलं.

"आता तुमच्या दोन लागतील," ताचो म्हणाला, "एक डावी, एक उजवी." आणि नवा कागद फाडायला घेतला.

फिदेन्सिओला त्या जुडग्यात मधे दोऱ्यानं वेगळ्या बांधलेल्या आखूड पट्ट्या दिसल्या. पोरांच्या मापाच्या. त्यानं मान वळवली.

"वर बघा," ताचो म्हणाला. "मान खाली घातली की माप चुकतं."

दोनदा अंगावर घालून बघायला बोलावलं. दोन्हीदा फिदेन्सिओ मागच्या बोळानं, दुपारीच गेला. दोन्हीदा बोलायचं ठरवून गेला आणि "बाही जरा आखूड वाटते का?" एवढंच बोलून आला. दुसऱ्यांदा निघताना दारात थांबलाही. "कोम्पाद्रे, ते..."

"काखेत काचतंय का?"

"नाही."

"मग बरं आहे," ताचो म्हणाला आणि यंत्राचं चाक फिरवायला लागला. पैसे त्यानं इतर कुणाकडून घेतले असते तेवढेच घेतले. फुकट दिला असता तर फिदेन्सिओला सोपं गेलं असतं, दुप्पट घेतले असते तर आणखी सोपं.

उत्सवाच्या सकाळी ओतिलियानं कोट उलगडला आणि त्याच्या अंगावर चढवला. मग दोन पावलं मागं झाली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. खांदे सारखे होते. आरशात मोडक्या हँगरच्या जागी एक भारदस्त गृहस्थ उभा होता, तीन वर्षांपूर्वीचा.

"काय जादू केली हो भावोजींनी!" तिनं उजवा खांदा चाचपला. "केवढे थर भरलेत आत!" कोट पुन्हा उतरवून तिनं आतली बाजू उलटी केली. डावीकडचं अस्तर काळं, उजवीकडचं निळं. खांद्याच्या भागाला कापडाचे तुकडे एकावर एक बारीक टाक्यांनी बसवले होते. वरच्या तुकड्यावर, कापडाचा रंग विटला तरी पांढरा राहिलेला दोरा होता. ओतिलियानं खिडकीपाशी नेऊन वाचलं.

"सेल्विन."

फिदेन्सिओ पलंगावर बसला. खालून कोटांच्या ढिगाऱ्यानं पलंग थोडा उचलला गेला होता, त्यामुळे त्याचे पाय जमिनीला पुरते टेकेनात.

"नऊ वर्षं ठेवलं त्यांनी हे," ओतिलिया म्हणाली. "पोराचं कापलेलं. आणि तुम्ही म्हणत होतात की..."

"मी काय म्हणत होतो ते मला माहीत आहे."

त्याला कोट फेकून द्यावासा वाटला, तापाचं सोंग करून पडून राहावंसं वाटलं. खरं सांगायचं तर टॉवेलाकडेही त्याचा हात गेला होता. एवढी लाज त्याला त्या वाक्याच्या दिवशीही वाटली नव्हती. ज्याच्या पोटावर आपण पाय दिला त्यानंच आपला खांदा सावरून धरला होता, आणि तोही आपल्याच पोराच्या न शिवलेल्या गणवेशानं. घंटा व्हायला लागली. ओतिलियानं कोट पुन्हा त्याच्या अंगात घातला आणि गुंड्या लावल्या.

देवळात काठी खांद्यावर आली. काठी घसरली नाही. लोक कुजबुजले, मग उघडच बोलले. घंटावाला म्हणाला, "वा, फिदेन्सिओशेठ! कुठल्या गठ्ठ्यातला?"

"शिवलाय," फिदेन्सिओ म्हणाला. "ताचोनं."

"ताचो अजून शिवतो?" घंटावाल्यानं भुवया उंचावल्या. "मला वाटलं, सोडलं केव्हाच."

मिरवणूक निघाली. कोपरा आला. इथूनच तो दर वर्षी मागं फिरायचा. या वर्षी पुढे काठी, मागे संत, त्यामागे सगळं गाव. वरची आळी सुरू झाली. ताचो दारात उभा होता, डोक्यावरची टोपी हातात घेऊन, बँडच्या दिवशी उभा होता त्याच जागी.

फिदेन्सिओ थांबला. मागे संत थांबले, खांदेकरी एकमेकांवर आदळले, ढोलवाला दोन ठोके जास्त वाजवून गप्प झाला. आमच्या गावात मिरवणूक मधेच कधी कुणी थांबवलेली नाही. मागून कुणी ओरडलं, "काय झालं? पाय मोडला का आता?"

"कोम्पाद्रे," फिदेन्सिओ म्हणाला.

"हलू नका," ताचो पायरी उतरून आला. "कच्चा टाका राहिलाय मागे. काल दिसलाच नाही मला. डोळे गेले." तो फिदेन्सिओच्या पाठीमागे वाकला, उजव्या खांद्याखालचा पांढरा दोरा चिमटीत धरला आणि दात लावले. सगळं गाव बघत होतं. फिदेन्सिओला वळताही येईना, खांद्यावर काठी होती. तो समोर बघूनच बोलला, आणि हळू बोलायचं ठरवूनही ते मोठ्यानंच आलं.

"मला माहीत होतं, कोम्पाद्रे. तुम्ही कापलं होतं ते. बाईंना मी खोटं सांगितलं. मला माहीत होतं."

ढोलवाल्यानं काठ्या खाली केल्या. बड्या बाई चौथ्या रांगेत होत्या. त्यांनी डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. आम्ही बाकीचेही आपापल्या अंगावरच्या कपड्यांकडे बघत राहिलो, कारण बघायला दुसरी जागा नव्हती.

दोरा तुटल्याचा बारीक आवाज झाला. ताचोनं तो बोटावर गुंडाळला आणि कोटाची पाठ तळव्यानं एकदा सारखी केली.

"मलाही माहीत होतं," तो म्हणाला. "लाल गणवेश विकलेत त्या संध्याकाळी माझ्याकडची कॉफी अर्धी टाकून उठला होतात तुम्ही." मग त्यानं टोपीनं नदीकडे खूण केली. "चला, संत उन्हात आहेत."

फिदेन्सिओ चालायला लागला. दोन्ही खांदे अगदी सारखे होते, मान मात्र नदी येईपर्यंत वर झाली नाही.